दौंडवालीची खिरापत

दौंडवाली भाजीचं एकेक पान पुसायची. आधी धुवायची, झटकायची, मग जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यावर पानं उताणी मांडून वरून दुसऱ्या तुकड्यानं टिपायची, तान्ह्या पोराला न्हाऊ घातल्यावर टिपतात तसं. नळाला तासभर पाणी, सगळ्या गल्लीची धावपळ चाललेली, आणि ही बाई मागच्या दारात बसून पानं पुसतेय. विचारलं तर म्हणायची, "पानाला पाणी ऱ्हायलं की तेल बसत न्हाई, ताई." मला त्या बाईचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही वाकडं बोलले तर ते कुठून आलं हे तुम्हाला कळेल.

शिरूरला एसटी डेपोच्या मागे आमची गल्ली. गल्लीत बायकांना माहेरच्या गावानं ओळखायची पद्धत आहे. मी न्हावरेवाली. शेजारची खोली रिकामी झाली आणि तिथे हे बिऱ्हाड आलं. नवरा शिक्रापूरच्या कारखान्यात, बायको दौंडची, म्हणून ती दौंडवाली. तिचं खरं नाव मला रेशनकार्डावर दिसलं तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. आमच्या दोघींचं मागचं अंगण एकच होतं, मध्ये नुसती कपडे वाळत घालायची तार. तिच्याकडे पेरूचं झाड होतं, माझ्याकडे धुण्याचा दगड.

आता माझं सांगते. मी कुठे पहिली आलेली बाई नाही. शाळेत काठावर पास, सासरी दोन जावांच्या मागे, आणि आमचे हे डेपोत क्लार्क, म्हणजे तिथेही मान दुसऱ्यांचाच. पण आश्विनात आमच्या गल्लीत भोंडला होतो. पाटावर हत्ती मांडून बायका फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि मग प्रत्येकीनं झाकून आणलेली खिरापत ओळखायची असते. माझा डबा सात वर्षं कुणाला ओळखता आला नव्हता. दोडक्याच्या शिरांचा चिवडा, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाच्या वड्या, राजगिऱ्याच्या पाल्याचे आप्पे, काय काय केलं मी. एका वर्षी कुणीतरी नुसतं "वडी!" म्हणून ओरडलं, तर मी सगळ्यांशी भांडून नियम करून घेतला की नुसतं नाव चालणार नाही, आत काय काय पडलंय ते सगळं सांगायला पाहिजे. गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मास्तरीणबाई, त्याही म्हणायच्या, "न्हावरेवालीचा डबा शेवटी ठेवा गं." एवढं एक वाक्य ऐकायला मी वर्षभर थांबायची.

दौंडवालीचा पहिला भोंडला होता तेव्हा तिनं मोठं झाकलेलं पातेलं आणलं आणि पदराआड एक बाटली. आम्ही नेहमीसारखं विचारायला लागलो.

"गोड का?"

"थोडं हाय."

"तिखट?"

"थोडं."

"मग आंबट न्हाई ना?"

"आंबटबी हाय. आन् खारटबी."

बायका चक्रावल्या. कुणी लोणचं म्हणालं, कुणी पंचामृत, कुणी भेळ. तळलेलं का, भाजलेलं का, उकडलेलं का, सगळं विचारून झालं. शिजवलंय का, हे मात्र एकीनंही विचारलं नाही, कारण न शिजवलेली खिरापत असते हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. शेवटी सगळ्या हरल्या. तिनं झाकण काढलं. आत हिरवी पानं, वर पेरूच्या पातळ फोडी, डाळिंबाचे दाणे आणि पांढरं काहीतरी चुरून टाकलेलं. तिनं बाटली जोरजोरानं हलवली, वरून ओतली, दोन्ही हातांनी अलगद वरखाली केलं आणि म्हणाली, "घ्या. सॅलड हाय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा डबा त्या वर्षी शेवटी राहिला नव्हता. मी म्हणाले, "आमच्या न्हावऱ्यात हा पाला शेळ्यांना घालतात."

सगळ्या हसल्या. तीही हसली, अगदी मोकळं. मग म्हणाली, "शेळीचं दूधबी हाय की त्यात, ताई. चीज शेळीच्याच दुधाचं हाय." आणि पहिली वाटी तिनं मलाच भरून दिली. मी खाल्लं. पान दाताखाली कुरकुरत होतं, पेरू गोड, मग मोहरीचा झटका नाकात, आणि चीज जिभेवर खारट विरघळलेलं. मी आयुष्यात एवढं चांगलं काही कच्चं खाल्लं नव्हतं. मला फार राग आला.

राग येण्याचं आणखी एक कारण होतं. ती पानं माझ्या माहेरची होती. न्हावऱ्याला माझा दादा शेडनेटमध्ये लेट्यूस लावतो, पुण्याच्या हॉटेलांना देतो. छोटे, वाकडे गड्डे माल भरताना बाजूला पडतात, ते तो मला मोटारसायकलवरून आणून द्यायचा. मी एकदा लसणाची फोडणी देऊन भाजी केली, तर कढईत नुसतं पाणी झालं. पुढचे गड्डे मी पलीकडच्या म्हशीला घातले. ते दौंडवालीनं पाहिलं होतं. एके दिवशी दादा आला आणि पिशवी थेट तिच्या दारात ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, "तिला ठावं हाय याचं काय करायचं ते. तू तर म्हशीला घालतीस." सख्खा भाऊ! त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा पाणचट दिला.

हे सगळं तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते दौंडला रेल्वेच्या साहेबांच्या विश्रामगृहात खानसामा होते. आई लवकर गेली, म्हणून ही लहानपणी तिथल्या स्वयंपाकघरातच वाढली. दर दोन वाक्यांनी "माझा बाप म्हनायचा" असायचंच. एकदा साहेब आले आणि पावसामुळे पुण्याहून चीजच आलं नाही. तेव्हा बापानं शेळीचं दूध लिंबानं फाडलं, फडक्यात बांधलं, वरवंट्याखाली दाबलं, मीठ-मिरी चोळून दोन दिवस मडक्यात ठेवलं, आणि साहेबांनी ते दोनदा मागून घेतलं. ती अजून तस्संच करायची. दूध घोडनदीच्या कडेला राहणाऱ्या एका शेळीवाल्या मामांकडून आणायची. मी म्हणायची, "पनीरच की हे." ती म्हणायची, "पनीर घाईतलं असतं ताई, हे दोन दिस झोपलेलं असतं."

बाटलीतल्या तेलाचंही असंच. घाण्याचं शेंगदाणा तेल, फेसलेली मोहरी, लिंबू, चिंचोक्याएवढा गुळाचा खडा, मिरपूड. बाटली जामची, रिकामी झालेली. ती बाटली हलवायची आणि झाकणावर बोट टेकवून चाखायची, पुन्हा हलवायची. भिंत पातळ होती. संध्याकाळी तिच्या बाटलीचा खळखळ आवाज आला की आमचे हे पेपरातून डोकं वर काढायचे. ज्या माणसानं माझ्या आमटीत तीस वर्षं मीठच शोधलं, तो माणूस विचारायचा, "दौंडवालीकडून पानं आलीत का गं?" यायची. रोज एक वाटी तारेखालून इकडे यायची. मी वाटी परत देताना रिकामी देऊ नये म्हणून त्यात काहीबाही घालायची, पण मनातून आशा असायची की तिच्या घरी ते कुणी खाऊ नये.

तिच्यात एक मोठी खोड होती, ती म्हणजे ती काही लपवायची नाही. कुणी कृती विचारली की सगळं सांगायची, वर आपली मोहरी वाटीभर काढून द्यायची. मी माझ्या वड्यांचं प्रमाण सख्ख्या जावेला सांगितलेलं नाही. मी तिच्या अंगणाकडे पाहत बसायची, नेमकं काय करते ते. कोणत्या दिवशी दूध आलं, वरवंटा कधी ठेवला, कुठला पेरू तोडला, कुठला ठेवला. कपडे वाळत घालायला मला तेव्हा फार वेळ लागायचा.

दुसऱ्या वर्षी तिनं पातेलं खाली ठेवायच्या आधीच सगळ्या ओरडल्या, "सॅलड!" ती म्हणाली, "व्हय, वळखलं की." माझा जीव भांड्यात पडला. पण मास्तरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "नुसतं नाव चालत नाही. आत काय काय ते सांगायला हवं. न्हावरेवालीनंच नियम केलाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग सफरचंद झालं, केळं झालं, चिकू झाला. झाकण काढलं तर पिकलेली पपई, मिरी लावलेली. पुन्हा सगळ्या हरल्या. माझ्या नियमानं मलाच खाली बसवलं, आणि बसवलं ते कायमचं.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की काट्यानं काटा काढायचा. दादाकडून चोरून लेट्यूस आणलं, डाळिंब सोललं, पनीर चुरलं, मोहरी फेसली. सगळं तिच्यासारखं. फक्त मला वेळेवर धावपळ नको होती, म्हणून सकाळीच मीठ, तेल, लिंबू घालून छान कालवून डब्यात दाबून ठेवलं. कोशिंबीर आपण अशीच आधी मुरवत ठेवतो. संध्याकाळी भोंडल्यात डबा फिरला. वास घेऊन एक म्हणाली, अळूचं फदफदं. दुसरी म्हणाली, आंबट चुका. तिसरीनं डबा हलवला तर आतून डबडब आवाज आला, ती म्हणाली कढी. दौंडवालीची पाळी आली. तिनं एकच प्रश्न विचारला, "ताई, कालवलंय सकाळी का आत्ता?"

"सकाळी," मी म्हणाले.

तिनं डबा न हलवता खाली ठेवला. मग म्हणाली, "मला न्हाई बाई सांगता यायचं. हरले."

झाकण काढलं तर काळपट पाण्यात चिंध्या तरंगत होत्या. नियमानं मी जिंकले होते. मास्तरीणबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी तारेपाशी ती हळूच म्हणाली, "तेल-मीठ ऐन येळंला घालायचं, ताई. पान वाट बघत न्हाई." म्हणजे तिला प्रश्न विचारतानाच सगळं कळलं होतं आणि तिनं मला जिंकू दिलं होतं. तिनं मला हरवलं असतं तर मी विसरले असते. हे मात्र मी आठ दिवस विसरू शकले नाही, आणि आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. वाटी रोज येतच होती.

अशी सहा वर्षं गेली. दर आश्विनात तिचं पातेलं शेवटी राहायचं आणि कुणालाच ओळखता यायचं नाही. मीही ओळखायला तोंड उघडायची नाही. मला वाटायचं, हिला किती गुदगुल्या होत असतील. ती गालातल्या गालात हसते आहे असं मला दिसायचं. मी मनात म्हणायची, घे बाई, भोग सुख.

मग दौंडहून फोन आला. तिचे वडील घरात पडले होते, कंबरेला लागलं होतं, आणि ते एकटेच राहत होते. ती एकुलती एक. नवऱ्यानं शिक्रापूरला कारखान्याजवळ खोली बघायची, हिनं दौंडला जाऊन वडिलांना सांभाळायचं, असं ठरलं. भोंडल्याच्या आदल्या दिवशी निम्मं सामान टेम्पोतून गेलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? वाटलं, आता पुढच्या वर्षीपासून शेवटचा डबा पुन्हा माझा.

पण शेवटच्या भोंडल्याला ती पातेलं घेऊन आलीच. गाणी झाली, बाकीचे डबे झाले. सगळ्या तिच्या पातेल्यापुढे बसल्या आणि ओळखायचं सोडून नुसत्या बोलत होत्या, की आता असलं कोण आणणार, दौंडला गेल्यावर आमची आठवण ठेव. कुणीच काही विचारेना. ती पातेल्यावर हात ठेवून बसली होती. मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "थांबा. मी सांगते."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"लेट्यूस नाहीये," मी म्हणाले. "दादाच्या शेडनेटमध्ये या पावसानं पाणी शिरलं, महिनाभर माल नाही. पान आहे ते घोळीचं. तुझ्या मोरीच्या मागे उगवलेली घोळ कालपर्यंत होती, आज सकाळी नव्हती. फळ पेरू. झाडावर खालच्या फांदीला तीन राखून ठेवले होतेस, पैकी दोन पिकले होते. चीज दोन दिवसांचं नाही, कालचं आहे. परवा तू दिवसभर भांडी बांधत होतीस, मामांकडे दुधाला काल गेलीस. मिरी नाही लावलेली, मीठच आहे नुसतं. आणि बाटलीत मोहरी नाही. तुझा खल टेम्पोतून गेला, फेसणार कशात? नुसतं तेल, लिंबू आणि गूळ."

मी एका दमात बोलले. बोलून झाल्यावर माझं मलाच कळेना की हे सगळं मी कधी साठवून ठेवलं. तिनं झाकण काढलं. घोळीची जाड हिरवी पानं, पेरू, ओलसर पांढरं चीज. बाटली हलवून ओतली तर मोहरीचा वास नव्हता.

आता ती चिडेल, निदान तोंड पाडेल, असं मला वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा हरली होती, तेही निघायच्या आदल्या दिवशी. पण तिनं माझा हात धरला आणि ती रडायलाच लागली.

"सा वर्सं झाली, ताई," ती म्हणाली. "दर वर्साला वाटायचं, यंदा कुणीतरी वळखंल. समदी खायची, चांगलं म्हनायची, पर वळखायचं कुणी न्हाई. मला वाटायचं, मी हितं परकीच हाय. माझ्या घरात काय शिजतं, ते कुणालाच ठावं न्हाई."

मी तिच्या शेजारी बसले.  मी जे सुख म्हणून सहा वर्षं जळत पाहत होते, ते तिचं दुःख होतं, आणि ते संपवायला माझ्याजवळ दर वर्षी उत्तर तयार होतं. पपई मला ठाऊक होती. त्या वर्षी ती तिनं सकाळी तारेखालीच कापली होती. मी मुद्दाम गप्प बसले होते, कारण मी ओळखलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मी किती लक्ष ठेवून असते. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दौंडच्या एसटीत बसली. मी स्टँडवर गेले होते. गाडी न्हावऱ्यावरून जाते, म्हणून मी म्हणाले, "माझं माहेर लागलं की खिडकीतून बघ." ती म्हणाली, "बघते की." एवढंच. आमच्यात कधी मोठं बोलणं झालंच नव्हतं, तेव्हा कुठून होणार?

पुढच्या आश्विनात मी खपून खिरापत केली. हिरव्या टोमॅटोच्या सालींचा आणि तिळाचा प्रकार, बापजन्मी कुणी ओळखला नसता. मास्तरीणबाई म्हणाल्या, "न्हावरेवालीचा डबा शेवटी." सगळ्या हरल्या, टाळ्या झाल्या. मी झाकण काढलं, वाटलं, खाल्लं. कुणालाच ओळखता येत नाही म्हणजे नेमकं काय, ते मला त्या टाळ्यांत बसून कळलं. घरी आल्या आल्या मी तिला फोन लावला.

वडील बरे होते, काठी धरून चालत होते, पान नीट टिपलं नाही म्हणून तिला अजून रागवत होते. मी विचारलं, "भोंडला खेळलीस का गं यंदा?"

"खेळले की. हितं रेल्वेच्या चाळीत बायका लई हौशी हायेत. आन् ताई, गंमत ऐका. पलीकडच्या घरात एक बाई हाय. मी पातेलं ठिवलं आन् पहिल्या झटक्यात वळखलं की तिनं! पान, फळ, समदं. म्या म्हणलं, अगं तुला कसं कळलं? तर म्हनती, रोज बघते की तुला अंगणात." ती खूप हसत होती. फोनवर तिचा आवाज किती हलका झाला होता. "आता करमतंय बगा मला."

"बरं झालं," मी म्हणाले. "छान झालं."

छान वगैरे काही झालं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. कोण कुठली बाई, हिला तिथे जाऊन जेमतेम वर्ष झालं, आणि तिनं माझ्या दौंडवालीला ओळखावं! मला ओळखायला सहा वर्षं लागली. खरं म्हणजे लागली नव्हती, मी लावली. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "काय झालं गं? कोण होतं?" मी उठून मागच्या दारी गेले आणि उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकून तारेवर घातले. पलीकडे नव्या बिऱ्हाडाची बाई काहीतरी निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.